विश्लेषण : जुन्या गाडीचे ब्रेक दगा का देतात? सिलिंडर दुरुस्त करावे की बदलावे?

यवतमाळ, पुसद, दारव्हा किंवा वणी भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या आवारात आजही ताडपत्रीखाली झाकलेली अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी किंवा महिंद्राची जीप दिसते. घरच्या लग्नात किंवा एखाद्या रॅलीत ती बाहेर काढावी, असे घरातल्यांना वाटते. मग बॅटरी नवी येते, कार्ब्युरेटर साफ होतो, टायर बदलले जातात. इंजिन एकदा धडधडले की गाडी ‘तयार झाली’ असे समजले जाते. ब्रेककडे लक्ष जाते ते शेवटी, तेही बहुतेक वेळा डब्यात ब्रेक ऑइल भरण्यापुरते. जुन्या गाडीतला सर्वांत मोठा धोका इथेच असतो, कारण यातील बहुतेक गाड्यांचे चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर आणि त्यातल्या एका छोट्या रबरी वॉशरवर अवलंबून असतात.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोहोचतो?

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचा १७व्या शतकातील नियम. हायड्रॉलिक ब्रेक त्यावरच चालतो. मोटारीसाठी त्याचा वापर अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी रुळवला आणि १९२०च्या दशकात चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या गाड्या विक्रीला आल्या. त्याआधी ब्रेक तारा आणि सळयांवर चालत.

पेडल दाबले की त्याची दांडी मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे ढकलते. पिस्टनपुढच्या रबरी वॉशरमुळे (याला मिस्त्री ‘कप’ही म्हणतात) तेल मागे न येता पाइपमधून चाकांकडे जाते. प्रत्येक चाकाजवळच्या व्हील सिलिंडरमधले पिस्टन बाहेर सरकतात, ब्रेक शू ड्रमवर दाबतात आणि चाक थांबते.

हिशोब सोपा आहे. समजा, पायाचा जोर ३० किलोचा आहे आणि पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट होतो. म्हणजे पिस्टनवर १५० किलोचा जोर येतो. सिलिंडरचा बोअर एक इंचाचा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर होते. त्यामुळे तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० किलोचा दाब तयार होतो. हा सगळा दाब पेलण्याचे काम नाण्याएवढ्या रबराच्या पातळ ओठाचे. त्याला चीर पडली किंवा तो ज्या भिंतीवर सरकतो तिला गंजाचा खड्डा पडला, की तेल मागे निसटते आणि पेडल नुसतेच तळाला जाते.

आजच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र भाग असतात. एक गळला तरी दुसऱ्यावर दोन चाके थांबतात. अमेरिकेत प्रवासी कारसाठी अशी दुहेरी व्यवस्था १९६८पासून बंधनकारक झाली. त्याआधीच्या आराखड्यावर बेतलेल्या गाड्यांत मात्र एकच मार्ग असतो. एका चाकाचे सिलिंडर फुटले तरी चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात.

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा धोक्याची का?

नेहमीचे ब्रेक ऑइल हे खरे तर तेल नाहीच. ते ग्लायकॉल वर्गातले रसायन आहे आणि हवेतली वाफ शोषून घेणे हा त्याचा गुणधर्म आहे. झाकणाच्या भोकातून, रबरी होजच्या भिंतीतून ओलावा हळूहळू आत जातो. रोज चालणाऱ्या गाडीत पिस्टन आणि वॉशर हलत राहतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत वॉशर एकाच जागी बसून राहतो. पाणी खालच्या बाजूला साचते आणि बिडाच्या सिलिंडरच्या तळाशी गंजाचे बारीक खड्डे पडतात. वॉशर जिथे टेकलेला असतो तिथे गंजाची कड तयार होते. रबरही कडक होते.

अशा गाडीचे पेडल पहिल्या दिवशी ठीक लागते, कारण वॉशर थोडाच सरकतो. अचानक कुणी आडवे आले, चालकाने सगळा जोर लावला की वॉशर प्रथमच त्या गंजक्या भागावरून जातो आणि फाटतो. म्हणूनच ‘काल तर ब्रेक चांगले लागत होते’ हे वाक्य अपघातानंतर वारंवार ऐकू येते.

यवतमाळच्या हवामानाचा आणि मातीचा संबंध काय?

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या उष्णतेत पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीचे रबर लवकर कडक होऊन तडकते. त्यानंतर पावसाळ्याचे चार महिने दमट हवेचे. तापणे आणि ओलावणे या फेऱ्यात ब्रेक ऑइल लवकर खराब होते.

दुसरा शत्रू काळी माती. कपाशीच्या शेतात किंवा पांदण रस्त्याने गेलेल्या जीपच्या ड्रममध्ये आणि त्यामागच्या प्लेटवर चिकण गारा थापला जातो. व्हील सिलिंडरच्या दोन्ही तोंडांवर धूळ अडवणारी रबरी टोपी असते. ती फाटली की गारा थेट पिस्टनपर्यंत जातो, वाळतो आणि पिस्टन जागीच धरतो. विलिस जातीच्या जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चेसिसला बसवलेला असतो. तेल भरण्यासाठी फरशीवरची झाकणी उघडावी लागते. ती उघडताना आजूबाजूची माती डब्यात पडली, तर तीच वॉशरला ओरखडे पाडते. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी जागा ब्रशने आणि कापडाने स्वच्छ करणे हा पहिला नियम.

पुसदकडच्या डोंगराळ भागात घाटवळणांचे रस्ते आहेत. उतारावर सतत ब्रेक लावल्याने ड्रम तापतात. तेलात पाणी असेल तर ते उकळते आणि त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे देत नाही. परिणामी सपाट रस्त्यावर चांगले लागणारे ब्रेक उतारावर नाहीसे होतात.

बिघाड कोणत्या लक्षणांवरून ओळखावा?

गाडी जागीच उभी ठेवून पेडल जोराने दाबून मिनिटभर धरावे. ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचा वॉशर आतल्या आत तेल सोडत आहे, असे समजावे. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर पाइपमध्ये हवा आहे. दोन-तीनदा पंप मारल्यावरच ब्रेक लागत असतील तर हवा असू शकते किंवा शू आणि ड्रममधले अंतर वाढलेले असते.

ब्रेक लावताच गाडी डावीकडे ओढत असेल, तर उजवीकडचे सिलिंडर अडकलेले असण्याची शक्यता असते. तिथल्या लायनरवर तेल गळत असले तरी हेच होते. पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नसतील, तर तीन ठिकाणी पाहावे : पेडलची मोकळी चाल, मास्टर सिलिंडरमधले बारीक भोक आणि आतून फुगलेला रबरी होज. फुगलेल्या होजमधून जोराने तेल जाते, पण परत येत नाही.

ड्रम काढल्यावर सिलिंडरची रबरी टोपी हळूच उचलून पाहावी. आत ओल दिसली तर ते सिलिंडर खोलायलाच हवे. तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. लायनरमध्ये मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते, त्यामुळे असे लायनर बदलणेच योग्य. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या कापडाने पुसून ते कापड पिशवीत बांधून टाकावे.

किट, स्लीव्ह की नवे सिलिंडर?

हा निर्णय किमतीवरून घेतला जातो. खरे तर तो सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, म्हणजे बोअरवरून घ्यायला हवा. सिलिंडर खोलून, स्पिरिटने धुऊन, कोरडे पुसून उजेडात धरावे.

बोअर आरशासारखा गुळगुळीत असेल, फक्त डाग असतील, तर रबर किट पुरेसे आहे. किटमध्ये वॉशर, टोप्या आणि मास्टर सिलिंडरसाठी झडप असते. ती सगळी बदलावीत. ‘हा वॉशर अजून चांगला आहे’ म्हणून जुनाच परत बसवू नये.

हलका गंज किंवा पुसट रेघा असतील, तर होनिंग करता येते. ड्रिलला लावायच्या होनच्या बारीक दगडांनी बोअर समान घासला जातो. बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून एकाच जागी घासल्यास बोअर लंबगोल होतो आणि नवा वॉशरही गळतो. होनिंग जितके कमी तितके चांगले, कारण बोअर वाढला की पिस्टन सैल होतो आणि दाबाखाली वॉशरची कड त्या फटीत ओढली जाऊन कुरतडते. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरवर आतून कठीण थर असतो. तो घासून गेला की खालचा मऊ धातू लवकर झिजतो. म्हणून त्यावर होनिंग टाळावे.

नखाला अडकेल असा खड्डा वॉशरच्या वाटेत असेल, तर किट आणि होनिंग दोन्ही निरुपयोगी आहेत. तिथे दोनच मार्ग उरतात. बाजारात योग्य मापाचे नवे सिलिंडर मिळत असेल तर ते घेणे सर्वांत सरळ. ते मिळत नसेल किंवा गाडीचे मूळ भागच जपायचे असतील, तर स्लीव्ह. यात लेथवर बोअर मोठा करून पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी घट्ट बसवतात आणि तिचा आतला व्यास मूळ मापाचा करतात. पितळ बिडासारखे गंजत नाही, त्यामुळे क्वचित चालणाऱ्या गाडीला ते सोयीचे ठरते. मात्र हे काम अनुभवी कारागिराचेच आहे. तेलाची भोके मूळ जागी, मूळ मापाची पडली पाहिजेत आणि त्यांच्या आतल्या कडांची धार काढलेली असली पाहिजे. नाहीतर पहिल्याच आठवड्यात वॉशर कापला जातो.

सिलिंडर एकेक न बदलता किमान एका अ‍ॅक्सलची जोडी बदलावी. मास्टर सिलिंडर नवा टाकला की जुनी व्हील सिलिंडरे गळू लागतात, असा मिस्त्रींचा अनुभव आहे. कारण साधे आहे : आतापर्यंत कमी दाबावर तग धरलेल्या वॉशरवर आता पूर्ण दाब येतो. रबरी होजचेही तसेच. सिलिंडर नवे आणि होज तीस वर्षांपूर्वीचे, ही अर्धवट दुरुस्ती ठरते.

सुटे भाग घेताना काय पाहावे?

पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा कारखान्यात अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४मध्ये थांबले. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी त्याच्या बरीच आधी बंद झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३पासून ‘काळी-पिवळी’ पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांच्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते. आता ती मागणी आटली आहे. त्यामुळे दुकानात मिळणारा माल एकतर जुन्या साठ्यातला असतो किंवा लहान कारखान्यांत बनलेला.

जुन्या साठ्यातल्या किटचे रबर पाकिटातच कडक झालेले असू शकते. वॉशरचा ओठ बोटाने वाकवून पाहावा. बारीक चिरा दिसल्या तर तो घेऊ नये. सिलिंडरवर कोरलेले बोअरचे माप जुन्याशी जुळवावे. मास्टर सिलिंडर मोठ्या बोअरचा बसवला तर पेडल कमी खाली जाते, पण तितक्याच ब्रेकसाठी पायाला जास्त जोर लागतो. लहान बोअरचा बसवला तर पेडल हलके होते, पण तळाला टेकते. अनेक गाड्यांत पुढच्या आणि मागच्या व्हील सिलिंडरचे माप वेगळे असते. ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून पुढच्या चाकांना जास्त जोर दिलेला असतो. ही मापे उलटसुलट झाली तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरते.

आट्यांकडेही लक्ष हवे. मॉरिसच्या ब्रिटिश आराखड्यावरची अ‍ॅम्बेसेडर इंची मापाची, तर फियाटच्या इटालियन आराखड्यावरची पद्मिनी मेट्रिक मापाची. ‘जवळपास बसतोय’ म्हणून पान्याने आवळलेले नट दोन आटे धरतात आणि दाबाखाली सुटतात.

जोडणीत चुका कुठे होतात?

पहिली चूक रॉकेल, डिझेल किंवा ग्रीसची. खनिज तेलाच्या नुसत्या स्पर्शानेही ब्रेकचे रबर फुगते आणि पिस्टन अडकतो. सुटे भाग धुवायला स्पिरिट किंवा ताजे ब्रेक ऑइलच वापरावे आणि वॉशर बसवताना त्याला ब्रेक ऑइलच लावावे. ब्रेक ऑइलच्या डब्यात चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल पडले, तर गाडीतले ब्रेकचे सगळे रबर बदलावे लागते.

दुसरी चूक वॉशरच्या दिशेची. त्याचा पसरट ओठ नेहमी दाबाच्या बाजूला हवा. उलटा बसला तर तो काही क्षणही दाब धरत नाही. स्क्रू ड्रायव्हरने ढकलण्याऐवजी तो बोटांनी बसवावा.

तिसरी चूक सर्वांत घातक आणि सर्वांत कमी लक्षात येणारी. मास्टर सिलिंडरमध्ये डब्याकडे जाणारे सुईएवढे बारीक भोक असते. पाय काढल्यावर तापून वाढलेले तेल त्यातून डब्यात परत जाते. ते गंजाने बुजले असेल किंवा पेडलच्या दांडीला मोकळी चाल नसल्याने वॉशर त्या भोकावर बसून राहिला असेल, तर तेल अडकते. गाडी चार-पाच किलोमीटर चालली की ब्रेक आपोआप लागू लागतात, ड्रम तापतात आणि अखेर चाके जाम होतात. म्हणून भोक बारीक तारेने मोकळे करावे आणि पेडल हाताने दाबून पाहावे. पिस्टनला स्पर्श होण्यापूर्वी पेडल थोडे सैल हलायलाच हवे. विलिस जातीच्या जीपमध्ये ही चाल साधारण अर्धा इंच असते.

हवा काढण्याची योग्य पद्धत कोणती?

त्याआधी शू ड्रमच्या जवळ आणून नीट जुळवून घ्यावेत. नंतर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाडीत सहसा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा क्रम लागतो. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ब्रेक ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निप्पल उघडून बंद करायचा आणि त्यानंतरच पेडल सोडायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालते. डबा मधेच रिकामा झाला तर सगळे पहिल्यापासून करावे लागते.

मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला असेल तर पेडल तळापर्यंत दाबू नये. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. नाहीतर वॉशर न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर जातो आणि हवा काढतानाच नवा बिघाड जन्माला येतो. बाटलीत आलेले तेल परत डब्यात ओतू नये.

बाटलीवरच्या ‘डॉट’ क्रमांकाला अर्थ आहे. ताजे डॉट ३ तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४साठी हे आकडे २३० आणि १५५ अंश आहेत. ही दोन्ही ग्लायकॉल वर्गातली आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते. ते पाणी शोषत नाही, पण ग्लायकॉलच्या तेलात मिसळता येत नाही. गाडीत कोणते तेल आहे याची खात्री नसेल, तर पूर्ण तेल काढून पाइप धुऊनच नवे भरावे. गाडी कितीही कमी चालली तरी ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. आणि ते रंगावर सांडू देऊ नये, कारण ग्लायकॉल रंग उतरवते.

कायदा काय सांगतो?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी नमुना २५ भरून गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला न्यावी लागते. यवतमाळच्या एमएच २९ क्रमांकाच्या जुन्या गाड्यांनाही हे लागू आहे.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी केंद्राने जुलै २०२१मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांचे स्वतंत्र नियम आणले. त्यात नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे वैध राहते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, अशी अट आहे.

रस्त्यावर काढण्यापूर्वी शेवटची तपासणी काय?

पेडल जोराने दाबून धरावे आणि दुसऱ्याने चारही चाकांमागे, पाइपच्या प्रत्येक जोडावर कोरडे कापड फिरवून पाहावे. त्यानंतर मोकळ्या मैदानात ताशी १० किलोमीटरच्या वेगाने चालवून ब्रेक लावावेत. गाडी सरळ थांबते का, ते पाहावे. पाच-सहा किलोमीटर चालवून चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. एकच ड्रम जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. दोन-तीन दिवसांनी डब्यातली पातळी पुन्हा बघावी. बंदिस्त व्यवस्थेत तेल ‘संपत’ नाही. पातळी उतरली तर गळती कुठेतरी आहेच.

हॅण्डब्रेकही याच वेळी जुळवून घ्यावा. तो तारेवर किंवा सळईवर चालतो आणि हायड्रॉलिक व्यवस्थेपासून वेगळा असतो. अ‍ॅम्बेसेडरमध्ये तो मागच्या चाकांवर, तर विलिस जातीच्या जीपमध्ये गिअरपेटीमागच्या शाफ्टवर काम करतो. एकाच मार्गावर चालणारे ब्रेक भर रस्त्यात गेले, तर खालचा गिअर आणि हॅण्डब्रेक एवढेच चालकाच्या हातात उरते.